बोरू ते छापखाना : ग्राफिक डिझायनर होण्याची कृती

साहित्य फार लागत नाही. दोन बोरू, काळ्या शाईची दौत, चौकटीची मोठी वही, तीस सेंटिमीटरची पट्टी, कात्री, डिंक, महिनाभराची रद्दी आणि कात्रणांसाठी एक जाड कोरी वही. संगणक लागतो, पण पहिल्या महिन्यात नाही. वेळ मात्र मोजून द्यावा लागतो. रोज दोन तास धरले तर साधारण वर्ष जातं.

ही कृती मराठीत काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पंचवीस वर्षं मी पुस्तकं, पत्रिका, पाकिटं आणि पाट्या मांडते आहे, आणि नव्या मुलामुलींची कामंही तपासते. त्यांच्यातल्या बहुतेकांना रंग कळतो, इंग्रजी शब्द छान बसवता येतो, मोबाइलच्या पडद्यासाठी झटपट काही करता येतं. मराठी मथळा आला की हात अडखळतो. मात्रा वरच्या ओळीच्या उकारात घुसते, शिरोरेघ तुटते, जोडाक्षर उसवतं. शाळा, दवाखाने, पतपेढ्या, कचेऱ्या, प्रकाशक, नाटकवाले या सगळ्यांना रोज मराठीतून काही ना काही सांगायचं असतं आणि ते नीट मांडून देणारा माणूस सहज सापडत नाही. या धंद्यात तुमची जागा तिथे आहे. म्हणून माझ्या कृतीत अक्षर आधी येतं, सॉफ्टवेअर नंतर, आणि छापखान्यात जाऊन उभं राहिल्याखेरीज काम शिकलो असं म्हणायचं नाही.

पहिला महिना : हात

बोरू तिरका कापा. देवनागरीचा काप रोमन अक्षरांसाठीच्या कापाच्या उलट दिशेला तिरका असतो, त्यामुळे उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड पडते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमन सुलेखनात नेमकं उलट. हे एकदा हाताने अनुभवलं की मराठी मथळ्यात कुठली रेघ जाड हवी हे पुढे कोणाला विचारावं लागत नाही. तयार कट केलेले बोरू मिळत असतील तर काप देवनागरीचा आहे ना, हे बघून घ्या.

वहीवर शिरोरेघ आखा. बोरूच्या टोकाच्या रुंदीच्या पाच-सहा पट उंची धरा आणि लिहायला घ्या. वर्णमालेच्या क्रमाने नको. बालवाडीत आपल्याला 'गमभन' आधी शिकवतात, कारण ही अक्षरं एकाच घरातली आहेत. ग आला की म आणि भ फार लांब नसतात. तसंच व, ब, क. प, ष, फ. ट, ठ, ढ. उ, ऊ, अ. एका घरातली अक्षरं एका बैठकीत पन्नास-पन्नास वेळा लिहा. पहिला आठवडा फक्त उभा काना आणि शिरोरेघ यांत गेला तरी चालेल. मुलांना याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. तरी मी हा आठवडा कोणालाही माफ करत नाही, कारण काना सरळ उतरत नसेल तर त्याच्या पोटाशी बसलेलं कुठलंच अक्षर उभं राहत नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाराखडी. इथे मोकळ्या जागेकडे बघायला शिका. 'कि' आणि 'की' यांच्या वेलांट्यांनी अक्षराच्या दोन्ही बाजूंना किती जागा खाल्ली? 'कौ' लिहिताना वर दोन मात्रा कुठून निघतात? 'रु' आणि 'रू' या दोघांत उकार कुठे चिकटतो? अक्षर म्हणजे शाई लागलेला भाग, आणि त्याच्या आत-बाहेर राहिलेला पांढरा भागही. नवशिक्याला काळं दिसतं. पांढरं दिसायला लागलं की हात बसला म्हणायचं.

तिसरा आठवडा मराठीच्या खास वळणांचा. आपला 'ल' आणि आपला 'श' हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळे आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये देवनागरी लिपी आणि वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला, त्यात मराठीची वळणं ठरवून दिली आहेत. 'ळ' हिंदीत जवळजवळ लागतच नाही, म्हणून पुष्कळ फॉन्टांत तो घाईने काढल्यासारखा दिसतो. आणि अर्ध्या र ची ती चंद्रकोरीसारखी रेघ. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. एका गिर्यारोहण शिबिराच्या फलकावर 'सह्याद्रीच्या दर्या' असं छापलेलं मी पाहिलं आहे. मजकूर लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलं होतं, मांडणाऱ्याच्या फॉन्टात तो र नव्हता आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. 'ॲ'चंही तसंच. 'ऍ' आणि 'ॲ' यांतला फरक डोळ्याला खटकायला हवा.

चौथ्या आठवड्यात जोडाक्षरं. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, द्य, ह्म, ष्ट्र. 'महाराष्ट्र' हा शब्द रोज एकदा लिहा, त्यात निम्मा अभ्यास येतो. महिन्याच्या शेवटी रुपयाचं चिन्ह समोर ठेवा आणि अर्धा तास नुसतं बघा. २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेलं हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी केलं. ते त्या वेळी मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्राशी जोडलेले होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकाच आकारात बसवले आहेत आणि वरची आडवी रेघ आपल्या शिरोरेघेची आठवण देते. महिनाभर र गिरवलेल्या माणसाला त्यातला निर्णय दिसतो. न गिरवलेल्याला फक्त चिन्ह दिसतं.

दुसरा महिना : कात्रणवही

रोज एक कात्रण चिकटवायचं आणि त्याखाली चार ओळी लिहायच्या. डोळा आधी कुठे गेला? नंतर कुठे? मजकुरातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य कोणतं आणि ते सगळ्यांत ठळक आहे का? मी काय काढून टाकलं असतं? 'छान आहे' असं लिहायचं नाही. छान का, ते लिहायचं.

कात्रणं कुठली? वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आधी घ्या. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शेकडो नावं हाताने घडवली. प्रत्येक नाटकाच्या स्वभावाप्रमाणे अक्षराचं अंग बदलतं, आणि तरी नाव एका नजरेत वाचता येतं. त्यांची पाच-सहा शीर्षकं मिळवा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने गिरवा. गिरवताना कळतं की शिरोरेघ कुठे मुद्दाम मोडली आहे, कुठे काना लांबवून शब्दाला टेकू दिला आहे. मग एखाद्या अंकाचं किंवा कथेचं नाव घ्या आणि तसा विचार स्वतः करा. आकार मात्र तुमचा हवा.

दुसरी खाण दिवाळी अंकांची. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मुखपृष्ठांची अखंड परंपरा आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं आपल्या आजी-आजोबांनी कापून भिंतीवर लावली आहेत. गावच्या जुन्या वाचनालयात गठ्ठे असतात. ग्रंथपालांना विनंती करा, जागेवर बसून बघा, मोबाइलने फोटो घ्या, पण पानं फाडू नका. एकाच मासिकाचे दहा वर्षांचे अंक ओळीने बघितले की नाव तेच ठेवून चित्र बदलत राहणं म्हणजे काय, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा नीट कळतं.

तिसरी गोष्ट रस्ता. वही घेऊन बाजारपेठेतून एक फेरी मारा. रंगाऱ्याच्या ब्रशने लिहिलेल्या पाट्या आता कमी होत चालल्या आहेत, पण तालुक्याच्या गावात, जुन्या गिरण्यांवर, शाळांच्या भिंतींवर अजून सापडतात. त्या पाट्या लिहिणारा माणूस भेटला तर त्याच्याजवळ तासभर बसा. दोरीला खडू लावून तो भिंतीवर ओळ कशी मारतो, दुकानाचं लांबलचक नाव फळीत आधी मोजून कसं बसवतो, ते बघा. मोजणं मी अशाच एका पेंटरकाकांकडून शिकले. ते म्हणायचे, "आधी शेवटचं अक्षर कुठं येणार ते ठरव, मग पहिलं लिही."

तिसरा आणि चौथा महिना : संगणक

आता मशीन सुरू करा. कोणतं सॉफ्टवेअर, हा प्रश्न मला रोज येतो. उत्तर तुम्ही कुठे काम करणार त्यावर आहे. लहान गावातले छापखाने आणि फ्लेक्सवाले बहुतेक कोरल ड्रॉ वापरतात. एजन्सी आणि प्रकाशक इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन. ॲप आणि संकेतस्थळाचं काम करणारे फिग्मा. पैसे नसतील तर इंकस्केप, गिंप, क्रिता आणि स्क्रायबस ही मोफत आहेत, आणि शिकण्यापुरतं त्यांत सगळं होतं. एक रेषेचं सॉफ्टवेअर आणि एक पानं लावायचं, अशी दोनच निवडा आणि दोन महिने तीच धरून ठेवा. चोरीची प्रत वापरू नका. उद्या तुम्हीच आपल्या कामाचे हक्क सांभाळा म्हणणार आहात.

टंकलेखन इन्स्क्रिप्टने शिका. दोन आठवडे बोटं दुखतात, मग आयुष्यभर सोय होते. युनिकोड आणि जुने फॉन्ट यांतला फरक याच वेळी समजून घ्या, कारण पहिल्याच नोकरीत तो आडवा येणार आहे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या जुन्या पद्धतींत अक्षरांची साठवण वेगळी असते. तसा मजकूर युनिकोड फॉन्टात आणला की समोर निरर्थक चिन्हं दिसतात. अनेक छापखान्यांत आणि संस्थांत वीस-वीस वर्षांचा मजकूर अशा फॉन्टांत पडून आहे. तो रूपांतरित करता येतो, पण रूपांतरानंतर ओळ न् ओळ वाचावी लागते. रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं यांतच गफलत होते.

अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी कधीकधी मुद्दाम चालू करावी लागते. ती बंद असेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षराचे तुकडे होतात. असं दिसलं की मजकूर हाताने ओढून जुळवत बसू नका, सेटिंग शोधा. काही फॉन्टांत ल आणि श यांची दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की आपली वळणं येतात.

फॉन्ट कुठले? विंडोजवरचा 'मंगल' तुम्ही लहानपणापासून पाहिला आहे. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार, शिक्षक असा तो मोठा माणूस. मंगल पडद्यावर वाचायला चांगला आहे, पण प्रत्येक पत्रिकेवर तोच का? मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' खुल्या परवान्यावर मोफत मिळतात. 'टिरो देवनागरी मराठी' पुस्तकी मजकुराला शोभतो. सुरुवातीला तीनच फॉन्ट ठेवा : एक वाचण्याचा, एक ठळक, एक सणाचा. तीनशे फॉन्ट उतरवून घेणाऱ्याला एकाचीही ओळख होत नाही.

मांडणीत या गोष्टी सांभाळा. बारा पॉइंटाच्या देवनागरीला ओळींतलं अंतर सतरा-अठरा पॉइंट द्या. इंग्रजीचं पंधरा इथे पुरत नाही, कारण आपल्याकडे ओळीच्या वरही सामान असतं आणि खालीही. अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेघ तुटते. ठळक वळण नसलेल्या फॉन्टाला बाहेरून रेघ मारून ठळक करू नका, 'ष'चं पोट भरून जातं. मराठी आणि इंग्रजी शेजारी आले तर दोघांना एकच पॉइंट देऊन भागत नाही, डोळ्याने जुळवा. मराठीच्या अंगाइतकं इंग्रजी लहान अक्षर दिसायला हवं. आणि छापायच्या आधी पान उलटं धरून बघा. वाचता येत नाही, म्हणून फक्त वजन दिसतं.

हल्ली शब्द लिहून चित्र मागता येतं. कल्पना चाचपडायला ती साधनं जरूर वापरा. मात्र त्या चित्रात मराठी अक्षरं आली असतील तर ती पुसून आपल्या हाताने बसवा. गिऱ्हाइकाचं नाव यंत्राच्या भरवशावर सोडायचं नसतं.

पाचवा महिना : छापखाना

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ थांबायला सांगते. जवळच्या ऑफसेट छापखान्यात जा. मालकांना सांगा : "दादा, मला शिकायचं आहे. महिनाभर संध्याकाळी येऊन बसू का? पडेल ते काम करेन." बहुतेक हो म्हणतात. कागद उचलायला लावतील. उचला.

कागद हाताला कळायला हवा. सत्तर जीएसएमचा मॅपलिथो पुस्तकाच्या आतल्या पानांना, एकशे तीसचा आर्ट पेपर माहितीपत्रकाला, तीनशेचा व्हिजिटिंग कार्डाला, असं साधारण चालतं. मॅट लॅमिनेशन केलं की रंग किंचित मवाळ दिसतात. मॅपलिथो शाई पितो, म्हणून त्यावरचं चित्र पडद्यावरच्यापेक्षा गडद आणि मंद होतं. पुस्तक सोळा पानी फर्म्यात छापलं जातं, म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत आणता आली तर कागद वाया जात नाही. लेखकाला दोन पानं कमी करायला सांगणंही मांडणीकाराच्याच कामात येतं. मराठी पुस्तकं बहुधा डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत निघतात. पट्टी घेऊन घरातली पाच पुस्तकं मोजा, समास मोजा, ओळी मोजा.

फाईल देण्याची कृती पाठच करा. रंग चारच : सायन, मजेंटा, पिवळा, काळा. पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग तसेच ठेवून फाईल दिली तर भगवा कुठच्या कुठे जातो. चित्र छापायच्या मापाला इंचाला तीनशे ठिपक्यांचं हवं. ए-फोर पानभर फोटो म्हणजे सुमारे २४८० बाय ३५०८ ठिपके. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, म्हणून 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा. मोठ्या फ्लेक्सला इतकी बारकाई लागत नाही, तिथे पूर्ण मापात बहात्तरवरही भागतं, कारण माणूस लांबून बघतो. कापाच्या बाहेर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापात जाणारा जास्तीचा रंग, आणि कापाच्या आत तेवढीच जागा मजकुरापासून मोकळी. शेवटी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे फॉन्टाऐवजी नुसते आकार ठेवायचे. छापखान्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतो, आणि कर्व्ह न करता दिलेल्या फाईलमध्ये मराठी कुठलं रूप घेईल सांगता येत नाही. कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तारीख बदलायला पुन्हा सगळं टाइप करावं लागतं.

माझी चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका संस्थेची स्मरणिका केली होती. मजकूर नऊ पॉइंटात, आणि मला आवडली म्हणून सुंदर तपकिरी छटा दिली. ती छटा चारही रंगांच्या मिश्रणातून बनत होती. छापताना रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं, आणि सगळ्या अनुस्वारांना लालसर सावली आली. वेलांट्या दुभंगल्या. वृद्ध सभासदांना ती वाचता येईना. मशीन चालवणाऱ्याचा दोष नव्हता, तेवढं हलतंच. हजार प्रती छापून झाल्या होत्या. मी पुढचे सहा महिने त्या संस्थेचं काम विनामूल्य केलं. तेव्हापासून बारीक मजकूर एकाच काळ्या शाईत द्यायचा, हा माझा नियम आहे. रंग हवाच असेल तर मथळ्याला द्या, किंवा एकच वेगळी शाई घ्या आणि तिचे पैसे धरा.

छपाई सुरू असताना मशीनजवळ उभं राहा. पहिले काही ताव बघून कारागिराशी बोला. त्याला 'मजेंटा थोडा उतरवा' असं सांगता येणं ही भाषाच आहे, आणि ती कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

शिक्षणाचं काय

पदवी घ्यावी का? शक्य असेल तर घ्यावी. मुंबईचं सर ज. जी. कला विद्यालय १८५७ चं. तिथल्या उपयोजित कलेच्या शिक्षणाला मोठी परंपरा आहे, आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची असते. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, पणजीत आल्तिनोला गोवा कॉलेज ऑफ आर्ट. आयआयटी मुंबईचं आरेखन केंद्र १९६९ चं, तिथे पदवीला यूसीड आणि पदव्युत्तरला सीड ही परीक्षा लागते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा सोडू नका. दोन्ही परीक्षांमुळे हात चालू राहतो, आणि पुढे प्रवेशाच्या वेळी रेखाटनाची भीती वाटत नाही.

कॉलेज जमत नसेल तर तीन महिन्यांच्या 'शंभर टक्के नोकरी' वर्गाला मोठी रक्कम भरण्यापेक्षा तो पैसा चांगला मॉनिटर आणि कागद यांवर घाला. त्या वर्गांत बटणं शिकवतात. बटणं वर्षात बदलतात.

सहावा महिना ते दहावा : दाखवायची कामं

कामं आठच दाखवा, पण खरी. न झालेल्या परदेशी कॉफीशॉपचा लोगो नको. आपल्या गावातले अडलेले प्रश्न घ्या. बचतगटाच्या मसाल्याचं पाकीट घ्या. त्यावर शाकाहारी खूण, निव्वळ वजन, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, किंमत, तारीख हे सगळं बसवून पुन्हा मसाल्याचा तिखटपणा दिसला पाहिजे. लग्नपत्रिका घ्या, वाचनालयाचं ओळखपत्र घ्या, पाणीपट्टीचं बिल घ्या.

एक काम मी सगळ्यांना देते : एसटी स्थानकावरचं वेळापत्रक. आधी स्थानकावर दोन तास उभं राहून लोक काय विचारतात ते टिपून घ्या. "आता पुढची गाडी कधी?" हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. "मुक्कामी गाडी कोणती?" हाही. मग वेळापत्रकाची रचना ठरवा. गावांनुसार की वेळेनुसार? दोन्ही कागदावर कच्च्या करून बघा. गावाची नावं डावीकडे ठळक, वेळा एकाखाली एक, ठिपके एका रेषेत. आकडे मराठी की इंग्रजी? स्थानकावर येणाऱ्यांत कोण आहेत ते बघून ठरवा. मराठी आकडे घेतलेत तर ५, ८ आणि ९ यांची मराठी वळणं आलीत ना, तपासा. कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि दोन मीटरवरून वाचा. मग चष्मा घरी विसरलेल्या एखाद्या आजीला वाचायला सांगा. आजी अडखळली तिथे दुरुस्ती. असं तीनदा करा, आणि संग्रहात शेवटच्या चित्राबरोबर हे तिन्ही टप्पे ठेवा. काम देणारा हेच बघतो : हा माणूस विचार कसा बदलतो.

पहिली नोकरी

मोठ्या एजन्सीत थेट गेलात तर उत्तम. नाही मिळाली तर छापखाना, वर्तमानपत्राचा कला विभाग, प्रकाशनसंस्था, डिजिटल जाहिरात कंपनी, कुठेही वर्षभर काढा. वर्तमानपत्रात वेग येतो, प्रकाशनात सोशिकपणा येतो. मी मुलांना आधी वर्तमानपत्र सुचवते. रात्री अकराला बदललेलं पान साडेअकराला जायचं असतं, तिथे लाड चालत नाहीत.

पैसे आणि कागद

स्वतंत्र काम घेणार असाल तर सुरुवातीपासून लेखी ठेवा. कामाचं वर्णन, किती पर्याय दाखवणार, किती वेळा दुरुस्ती करणार, मुदत, रक्कम. निम्मी रक्कम आगाऊ. नात्यातल्या कामालाही हेच. "काका, पत्रिका नक्की करून देते. मजकूर तुम्ही आणि काकूंनी एकदा नीट वाचून प्रूफवर सही करून द्या." सही झाली की मुहूर्ताची वेळ चुकल्याचं खापर तुमच्यावर येत नाही, आणि काकांनाही वाचण्याची आठवण राहते.

दर कसा काढायचा? तुमच्या महिन्याच्या गरजा आणि खर्च लिहा, प्रत्यक्ष कामाचे तास लिहा. सगळे तास गिऱ्हाइकाचे नसतात, निम्मे धरा. भागाकार करा. तो तुमचा तासाचा दर. त्याखाली काम घेतलंत तर ते तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय, हे माहीत असू द्या.

हक्कांचं समजून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचे असतात. स्वतंत्रपणे केलेल्या कामाचे सर्वसाधारणपणे तुमचे, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणून लोगो देताना गिऱ्हाइकाला कायमचे हक्क हवे असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि त्याची किंमत घ्या.

'उद्यम' नोंदणी करा, ती मोफत आहे. नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे देण्यासाठी कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. करारात जास्त लिहिलं तरी चालत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की थकलेल्या पैशांसाठी बोलताना आवाज आपोआप सरळ निघतो. सेवांसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. हिशेब पहिल्या बिलापासून ठेवा.

पहिलं छापील काम हातात आलं की पाच प्रती मागून घ्या. एक आईला द्या. एक कोरी ठेवून द्या. एक लाल पेनने तपासा. जिथे अंतर चुकलं, जिथे अनुस्वार शिरोरेघेला टेकला, जिथे रंग उतरला तिथे खूण करा, मागे तारीख घाला आणि कात्रणवहीत चिकटवा. एक प्रत गिऱ्हाइकाकडे स्वतः घेऊन जा, तो ती कशी हातात धरतो आणि आधी कुठे बघतो ते पाहा. आणि पाचवी घेऊन छापखान्यात जा. मशीनवरच्या दादांना विचारा : पुढच्या वेळी फाईल कशी दिली तर तुम्हाला सोपं जाईल? ते सांगतील ते तिथेच उभ्या उभ्या लिहून घ्या.